तारीख नसलेले पैसे : बँकेचं सॉफ्टवेअर त्यांचा हिशोब कसा धरतं आणि आपण उधारीचा कसा धरायचा



मागच्या व्हिडिओत मी एक प्रश्न विचारला होता. तुमच्या दुकानाची येणं बाकी ९ लाख आहे. त्यातले पुढच्या ३० दिवसांत किती येतील? बहुतेकांनी उत्तर दिलं, "निम्मे तरी येतील." कुणी म्हणालं साठ टक्के. मी विचारलं, कशावरून? तिथे सगळे गप्प.

गप्प बसण्यात लाजण्यासारखं काही नाही, कारण मीही आठ-नऊ वर्षं अंदाजानेच चालवत होतो. सांगली जिल्ह्यात आमचं हार्डवेअर आणि पाइप-फिटिंगचं दुकान आहे. बीबीए झालेलं, कॅश फ्लो स्टेटमेंट परीक्षेत काढलेलं, तरी एका जुलैत माझा २ लाख ८० हजारांचा चेक परत गेला. ती गोष्ट पुढे सांगतो. आधी बँकेचं बघू, कारण हाच प्रश्न बँकेला रोज सोडवावा लागतो आणि तो सोडवायची त्यांची पद्धत आपल्याला जशीच्या तशी उचलता येते. मला ती समजली माझ्या बॅचला आलेल्या एका मुलाकडून. तो एका नागरी सहकारी बँकेत एएलएमचं काम करायचा, म्हणजे बँकेकडे येणारा पैसा आणि बँकेतून जाणारा पैसा यांच्या वेळा जुळतात का ते बघायचा.

तुम्ही बँकेत १ लाखाची एफडी १ वर्षासाठी ठेवली, की सॉफ्टवेअरला तारीख मिळते. त्या दिवशी एवढं मुद्दल, एवढं व्याज जाणार. होम लोन दिलं तर २४० हप्त्यांच्या २४० तारखा मिळतात. सोपं काम आहे. पण तुमच्या सेव्हिंग खात्यातले ४० हजार कधी जाणार? करंट खात्यातले दीड लाख? कायद्याने तुम्ही ते उद्या सकाळी काढू शकता आणि दहा वर्षं काढणारही नाही. तारीखच नाही. याला म्हणतात नॉन-मॅच्युरिटी प्रॉडक्ट, मुदत नसलेलं खातं. आणि गंमत बघा, आपली कॅश क्रेडिट लिमिट पण यातच येते. दरवर्षी रिन्यू होते म्हणून आपण तिला वर्षाचं कर्ज समजतो, पण कागदावर ती मागताक्षणी परत करायची असते आणि प्रत्यक्षात वीस वर्षं चालू राहते.

आता सॉफ्टवेअर हे पैसे कुठल्या रकान्यात टाकणार? सगळे "उद्या जाणार" म्हणून टाकले, तर कागदावर बँक रोज बुडालेली दिसेल. सगळे "कधीच जाणार नाहीत" म्हणून टाकले, तर एक दिवस खरोखरच बुडेल. म्हणून मध्ये एक गोष्ट बसवावी लागते : वागणुकीचा पॅटर्न. ओरॅकलचं बँकांसाठीचं जे एएलएम सॉफ्टवेअर आहे त्यात याचं नावच बिहेवियर पॅटर्न आहे आणि नॉन-मॅच्युरिटी हा त्यातला एक प्रकार. स्क्रीनवर तुम्ही ओळी भरता : किती दिवसांनी किंवा महिन्यांनी, किती टक्के, आणि ते पैसे चंचल म्हणायचे की टिकाऊ. इंग्रजीत व्होलाटाइल आणि कोअर. टक्क्यांची बेरीज १०० व्हायला हवी. बस. मग त्या दिवशीच्या शिलकीला ते टक्के लावून सॉफ्टवेअर तारखा तयार करतं.

हे टक्के कुणी ठरवायचे? रिझर्व्ह बँकेने १९९९ साली एएलएमच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात एक सोपी सुरुवात करून दिली. सेव्हिंगचे १० टक्के आणि करंटचे १५ टक्के चंचल धरा, ते पहिल्या १४ दिवसांत दाखवा. बाकीचे टिकाऊ धरा, ते १ ते ३ वर्षांच्या रकान्यात टाका. म्हणजे बँकेकडे सेव्हिंगचे २०० कोटी आणि करंटचे १०० कोटी असतील, तर २० आणि १५ असे ३५ कोटी पुढच्या दोन आठवड्यांत जाऊ शकतात असं मानून तयारी ठेवायची. नंतर २००७ मध्ये या पहिल्या १४ दिवसांचे तुकडे केले : पुढचा दिवस, २ ते ७ दिवस, ८ ते १४ दिवस. ज्या बँकेला स्वतःच्या आकड्यांचा अभ्यास करून वेगळे टक्के काढता येतात तिने ते काढावेत, असंही त्यात आहे. कॅश क्रेडिटसाठी तर सरळ सांगितलंय की कर्जदार लिमिट कोणत्या हंगामात किती वापरतात याचा अभ्यास करा आणि त्यावरून चंचल आणि टिकाऊ भाग वेगळा काढा.

इथे बॅचमध्ये हमखास एक शंका येते. "सर, १ ते ३ वर्षांत टाकले म्हणजे ते पैसे तेव्हा जाणार का?" नाही. पुढच्या महिन्यात सॉफ्टवेअर पुन्हा चालतं, तेव्हाच्या शिलकीवर पुन्हा तेच टक्के लागतात आणि टिकाऊ भाग पुन्हा १ ते ३ वर्षांतच बसतो. तो कायम पुढे सरकत राहतो. तो रकाना म्हणजे अंदाजाने जाण्याची तारीख नव्हे, तर "एवढ्या पैशावर लांबचं कर्ज दिलं तरी चालेल" अशी परवानगी आहे. हा फरक डोक्यात पक्का बसवा, कारण आपल्या उधारीत हाच घोळ होतो.

दुसरी गोष्ट, पॅटर्न एका खात्याचा काढत नाहीत. तुमचं खातं महिन्याच्या २८ तारखेला रिकामं होत असेल, माझं १० तारखेला. पण पन्नास हजार खाती एकाच दिवशी रिकामी होत नाहीत. एक काढतो तेव्हा दुसरा भरतो. म्हणून एकेक खातं बेभरवशाचं असलं तरी ढीग भरवशाचा असतो. मात्र याला एक अट आहे आणि ती फार महत्त्वाची आहे : सगळ्यांची कारणं वेगवेगळी असायला हवीत.

ही अट मोडली की काय होतं ते मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत सगळ्यांनी बघितलं. सिलिकॉन व्हॅली बँकेचे ठेवीदार म्हणजे एकाच धंद्यातल्या, एकाच वर्तुळातल्या कंपन्या. ९ मार्चला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले, १० मार्चला बँक बंद. पण मला त्यातला दुसरा भाग जास्त शिकवणारा वाटतो. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने नंतर जो अहवाल काढला त्यात लिहिलंय की एप्रिल २०२२ मध्ये व्याजदराच्या जोखमीचा आकडा मर्यादेबाहेर जात होता, तेव्हा बँकेने जोखीम कमी करण्याऐवजी मॉडेलमधलं गृहीतक बदललं. ठेवी जास्त काळ टिकतील असं धरलं. आकडा मर्यादेत आला. धोका होता तिथेच राहिला.

मी हे वाचलं तेव्हा हसलो नाही, कारण मी नेमकं हेच केलं होतं. आमचा आकडा लाखात, एवढाच फरक.

तर आता माझी गोष्ट. दुकान माझ्या हातात आल्यावर मी अण्णांच्या वह्या बंद केल्या आणि सगळं एक्सेलवर आणलं. दर महिनाअखेरीला एकूण उधारी घ्यायची, तिचे ६० टक्के पुढच्या महिन्यात येणार असं धरायचं. ६० कुठून आले? एका व्हिडिओत बघितले होते. पहिल्या हिवाळ्यात ते बरोबरही आले, म्हणून माझा विश्वास बसला. जूनमध्ये ड्रिपच्या आणि पीव्हीसी पाइपच्या डीलरला पुढच्या तारखांचे चेक दिले. जुलै उजाडला, पाऊस लागला, वसुली ठप्प. शीटवर महिन्याचा शेवट उणे दिसायला लागला, तेव्हा मी काय केलं? ६० चे ७० केले. म्हटलं, मागचे राहिलेत ते आता एकदम येतील. शीट हिरवी झाली. २२ तारखेला चेक परत गेला.

अण्णांनी एफडी मोडून पैसे भरले. ओरडले नाहीत, फक्त विचारलं, "जुलैत शेतकरी पैसे कुठनं देणार रे?" डीलरने पुढचे सहा महिने रोखीशिवाय एक नळी दिली नाही. बरोबरच होतं त्यांचं.

मग मी माळ्यावरून अण्णांच्या जुन्या खतावण्या काढल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे पेन्सिलीने एक अक्षर होतं. 'प', 'ग' किंवा 'ऊ'. लहानपणापासून बघत होतो, कधी विचारलं नव्हतं. 'प' म्हणजे पगारदार. 'ग' म्हणजे गवंडी, प्लंबर, छोटे कंत्राटदार. 'ऊ' म्हणजे ऊसवाला. बँकेचं सॉफ्टवेअर सेव्हिंग वेगळं आणि करंट वेगळं करतं ना, तेच अण्णांनी पेन्सिलीने केलं होतं. मी संगणक आणला आणि सगळ्यांना एका ढिगात ओतलं.

आमच्याकडचा ऊसवाला समजून घ्या, कारण तुमच्या गावात त्याच्या जागी कापूसवाला, कांदावाला किंवा दूधवाला असेल. ऊस कारखान्याला गेल्यावर १४ दिवसांत बिल द्यावं असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. प्रत्यक्षात हप्ते पडतात, उशीर होतो. पैसे जमा झाले की आधी विकास सोसायटीचं पीक कर्ज कापून जातं, हातात उरतं त्यातून खत-बियाणेवाला, मग आम्ही. मार्चमध्ये सोसायटीचं नवं-जुनं करायची धावपळ, तेव्हा आमच्याकडे कुणी फिरकत नाही. म्हणजे हा माणूस बुडवणारा नाही, पण त्याचा पैसा हंगामाचा आहे. आणि बघा, आमच्याकडे असे ९० शेतकरी आहेत म्हणून मी निर्धास्त होतो. ९० जण कुठे, सगळा ऊस जातो दोन कारखान्यांना. कारखान्याने बिल थांबवलं की ९० जण एकाच दिवशी थांबतात. कारण एकच असेल तर ९० गिऱ्हाइकं म्हणजे हिशोबाला एकच गिऱ्हाईक. कॅलिफोर्नियात काय आणि वाळवा तालुक्यात काय.

आता हातात शीट घ्या. जूनअखेरची उधारी ९,००,००० धरू. पगारदार १,५०,०००, गवंडी-कंत्राटदार २,५०,०००, ऊसवाले ५,००,०००. आता प्रत्येक गटाला आडवे चार रकाने : ३० दिवसांत, ३१ ते ९०, ९१ ते १८०, आणि त्यापुढे.

पगारदारांचे टक्के माझ्याकडे असे निघाले : ८०, १५, ५, ०. म्हणजे १,२०,०००, मग २२,५००, मग ७,५००. गवंड्यांचे ४०, ३५, १५, १० : म्हणजे १,००,०००, ८७,५००, ३७,५०० आणि २५,०००. ऊसवाल्यांचे जूनअखेरीला ५, १०, ४५, ४० : म्हणजे २५,०००, ५०,०००, २,२५,००० आणि २,००,०००.

उभी बेरीज करा. ३० दिवसांत २,४५,०००. त्यापुढे १,६०,०००, २,७०,००० आणि २,२५,०००. एकूण ९ लाखच. पण जुन्या ६० टक्क्यांच्या हिशोबाने मी जुलैत ५,४०,००० धरून बसलो असतो. अर्ध्याहून कमी येणार आहेत!

समजा जुलैत डीलरचे ४,१०,००० द्यायचेत आणि रोखीच्या विक्रीतून माल, भाडं, पोरांचे पगार जाऊन ६०,००० उरतात. जुना हिशोब सांगतो १,९०,००० शिल्लक राहील, अजून माल भरा. नवा सांगतो १,०५,००० कमी पडणार. आणि हे तुम्हाला ३० जूनला कळतं, २२ जुलैला नाही. ३० जूनला डीलरला फोन केला की, "साहेब, एक लाखाची तारीख ऑगस्टअखेर घ्या," तर तो कुरकुरत का होईना, घेतो. चेक परत गेल्यावर केलेला फोन तो उचलत नाही.

हे टक्के माझ्या दुकानाचे आहेत, कॉपी करू नका. तुमचे काढायचे कसे? मागच्या वर्षीच्या ३० जूनची प्रत्येक गटाची बाकी घ्या. मग फक्त त्या बाकीतले पैसे कधी आले ते शोधा. इथेच ९० टक्के लोक चुकतात, मीही चुकलो. शेतकरी ५,००० देतो आणि त्याच दिवशी ७,००० चा माल नेतो. तुम्ही ५,००० वसुली लिहून खूश, पण बाकी वाढलीये. आलेला पैसा आधी जुन्यात जुन्या बिलाला लावा आणि ३० जूनच्या बाकीपैकी किती संपली तेवढंच मोजा. असं दोन वर्षांचं करता आलं तर उत्तम. आणि हंगामी गटाला एक पॅटर्न पुरत नाही. जूनअखेरचा ऊसवाला आणि डिसेंबरअखेरचा ऊसवाला या दोन वेगळ्या जाती आहेत. माझ्याकडे त्याच्यासाठी चार तिमाहीचे चार पॅटर्न आहेत. पगारदाराला एकच पुरतो, त्यात डोकं घालू नका.

टिकाऊ भागाचं राहिलं. मागच्या २४ महिन्यांची महिनाअखेरची एकूण उधारी एका ओळीत लिहा आणि सगळ्यात कमी आकडा शोधा. माझा निघाला ६,२०,०००. म्हणजे दोन वर्षांत माझी उधारी त्याखाली कधीच गेली नाही. नावं बदलली, बिलं बदलली, पण ६ लाख २० हजार कायम लोकांच्या घरात. बँकेला ठेवीतला टिकाऊ भाग म्हणजे आनंदाची गोष्ट, तिच्याकडे राहिलेला पैसा. आपल्याला उलटं आहे, आपल्याकडून गेलेला पैसा. हे बुडीत नाही, पण धंदा चालू आहे तोवर ते परतही येत नाहीत. मग ते ६ लाख २० हजार कुणाच्या पैशाने अडकलेत? स्वतःच्या भांडवलाचे असतील तर ठीक. डीलरच्या ३० दिवसांच्या उधारीवर तुम्ही हे ओझं उचललं असेल, तर दर महिन्याला तुमची धावपळ होणारच, विक्री कितीही वाढू दे. उलट विक्री वाढेल तशी जास्त होईल.

सीसी लिमिटला पण हीच ओळ लावून बघा. १० लाखांच्या लिमिटवर वर्षभरात नावे बाकी ७ लाखांखाली आलीच नसेल, तर ७ लाख टिकाऊ, हाताशी खेळायला ३ लाखच. तुम्ही म्हणता माझी १० ची लिमिट आहे. बँकेला दिसतं की हे खातं ३ लाखांतच फिरतंय. अशा वेळी मॅनेजरशी बोलून त्यातला काही भाग हप्त्याच्या कर्जात बदलता येतो का, हे विचारायला हरकत नाही. व्याज भरण्याइतकाही पैसा खात्यात ९० दिवस जमा झाला नाही, किंवा बाकी सलग ९० दिवस लिमिट किंवा ड्रॉइंग पॉवरच्या वर राहिली, तर खातं एनपीए होतं. तिथपर्यंत थांबू नका.

जाता जाता एक ताजी गोष्ट. मोठ्या व्यापारी बँकांना रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की मोबाइल आणि इंटरनेट बँकिंग असलेल्या किरकोळ आणि छोट्या व्यावसायिकांच्या ठेवी २.५ टक्के जास्त निघून जाऊ शकतात असं धरा, १ एप्रिल २०२६ पासून. कारण आता पैसे काढायला रांग लागत नाही, बोट लागतं. आपल्याकडेही पॅटर्न असाच जुना होतो. क्यूआर कोड आल्यावर माझे पगारदार गिऱ्हाईक उधारी लवकर द्यायला लागले, ते आधी ८० टक्के नव्हते.

पण म्हणून दर महिन्याला टक्के हलवत बसायचं नाही. माझा नियम असा आहे : टक्के वर्षातून एकदा, पाडव्याला वहीपूजन झालं की त्या आठवड्यात बदलायचे, शेजारी कारण लिहायचं आणि अण्णांना दाखवायचं. मध्येच शीट उणे दाखवायला लागली तर टक्क्यांच्या रकान्याला हात लावायचा नाही. खरेदी कमी करायची किंवा फोन उचलायचा. तो रकाना मी पासवर्ड टाकून लॉक केलाय. पासवर्ड बायकोकडे आहे.

शीटची रिकामी प्रत व्हिडिओखाली दिली आहे. गटांची नावं तुमच्या गावाप्रमाणे बदला, तीन किंवा चारच ठेवा. भरायला दोन संध्याकाळी लागतात. पहिली जुनी बिलं शोधण्यातच जाते. पुढच्या व्हिडिओत हीच पद्धत देणं बाकीला कशी लावायची ते घेणार आहे. तिथे तारखा असतात, पण डीलर त्या किती पाळायला लावतो याचाही एक पॅटर्न असतो.